रीडर मिळत नाही, पण वाघिणींची मोजदाद थांबत नाही

मुंबईच्या आसपास ट्रॉम्बे, तुर्भे, कळंबोली, न्हावा शेवा अशा कोणत्याही ठिकाणच्या मालधक्क्यावर किंवा कारखान्याच्या खासगी साइडिंगवर, म्हणजे कारखान्यात नेलेल्या रुळाच्या फाट्यावर, मालगाडी येऊन थांबली, की तिच्यातील प्रत्येक वाघिणीचा, म्हणजे यार्डातल्या बोलीत वॅगनचा, क्रमांक टिपून घ्यावा लागतो. भारतीय रेल्वेच्या वाघिणीचा क्रमांक अकरा आकडी असतो: पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन मालकी कोणत्या रेल्वेची ते, त्यापुढचे दोन बांधणीचे वर्ष, मग चार आकडी अनुक्रमांक आणि शेवटी पडताळ्याचा एक अंक. कोळसा किंवा खनिज वाहणाऱ्या बॉक्सएन वाघिणींच्या रेकमध्ये, म्हणजे जोडून तयार केलेल्या पूर्ण गाडीत, साधारण ५८ वाघिणी असतात, म्हणजे एका गाडीमागे ६३८ अंक अचूक उतरवायचे आणि तेही साडेसहाशे मीटरच्या आसपास चालत, जुलैच्या पावसात, एका हातात टॉर्च आणि दुसऱ्या हातात भिजकी वही सांभाळत. वाघिणीचे वजन, तिच्यातला माल, ती किती तास अडकून राहिली त्याचा विलंब आकार हे सगळे त्या एका क्रमांकाला टांगलेले असते, त्यामुळे एक अंक चुकला तरी भांडण पुढे कित्येक आठवडे चालते.

या कामातून माणसाची सुटका करण्यासाठी आरएफआयडी, म्हणजे रेडिओ लहरींनी ओळख पटवण्याचे तंत्र, आले. वाघिणीच्या दोन्ही बाजूंना तिचा क्रमांक साठवलेला एकेक टॅग बसवायचा, रुळालगत अँटेना आणि टॅग वाचणारा रीडर उभा करायचा आणि गाडी समोरून गेली की क्रमांकांची यादी आपोआप संगणकात उतरायची, अशी ही योजना आहे. अडचण येते ती रीडर बंद पडतो आणि त्याच्या जागी नवा हवा असतो तेव्हा. पुरवठादार सांगतो की माल नाही, सुटे भाग येत नाहीत, कधी येतील ते कंपनीलाही ठाऊक नाही. २०२० ते २०२२ या काळात इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रत्येक खरेदीदाराने हे उत्तर ऐकले आणि तुटवड्याच्या लहान-मोठ्या लाटा त्यानंतरही येत राहिल्या. अशा वेळी पर्यायी रीडर कसा शोधावा, हा या लेखाचा विषय आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की दुसऱ्या कंपनीचे नाव शोधणे हे या कामातले शेवटचे पाऊल आहे आणि बहुतेक खरेदी विभाग तेच पहिले उचलतात.

टॅग कोणता, हे आधी

वाघिणीवरचा टॅग निष्क्रिय प्रकारचा असतो, म्हणजे त्यात बॅटरी नसते. रीडरच्या अँटेनामधून निघालेल्या रेडिओ लहरींवरच टॅगमधली चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-अधिक प्रमाणात परत फेकून आपला क्रमांक कळवते. अंगणात कोणी विजेरीचा झोत टाकावा आणि पलीकडच्याने हातातला आरसा हलवून खुणा कराव्यात, तसा हा प्रकार आहे. आरसेवाल्याकडे स्वतःचा दिवा नसतो, म्हणून झोताची ताकद आणि खुणांची ठरलेली भाषा या दोन्ही गोष्टी रीडरकडे असाव्या लागतात.

ही भाषा जगभर एकच नाही. अमेरिकेत वाघिणींच्या स्वयंचलित ओळखीचा पहिला मोठा प्रयोग १९६७ साली कारट्रॅक नावाने झाला, त्यात डब्यावर रंगीत पट्ट्यांची खूण असे आणि रुळाकाठचे प्रकाशयंत्र ती वाचत असे. धूळ आणि चिखलाने पट्ट्या माखू लागल्या, त्या पुसायला कोणी जाईना आणि सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ती पद्धत गुंडाळावी लागली. नव्वदच्या दशकात तिथे रेडिओ टॅग सक्तीचे झाले, पण त्या टॅगची बोली आजच्या सर्वसाधारण जेन-टू (निष्क्रिय टॅगच्या प्रचलित मानक बोलीचे नाव) टॅगपेक्षा वेगळी आणि जुनी आहे. भारतीय रेल्वेने मात्र जीएस१ या संस्थेच्या क्रमांकन पद्धतीवर आधारलेले जेन-टू टॅग निवडले आणि ते काम क्रिस ही रेल्वेची माहिती-तंत्रज्ञान संस्था पाहते. याचा व्यवहारातला अर्थ असा, की परदेशी सूचिपत्रात ‘रेल्वेसाठी खास’ असे लिहिलेला महागडा रीडर आपल्या वाघिणीसमोर मुका ठरू शकतो आणि गोदामासाठी म्हणून विकला जाणारा साधा जेन-टू रीडर तिच्याशी व्यवस्थित बोलू शकतो. दोन्ही बोली जाणणारे रीडरही मिळतात, पण आपल्याकडे दुसऱ्या बोलीचे टॅगच नसतील तर त्या ज्ञानाचे पैसे कशाला मोजायचे?

म्हणून पर्याय शोधण्याआधी आपल्या साइडिंगवरच्या टॅगची नोंद काढावी. येणाऱ्या वाघिणींवर रेल्वेचे टॅग आहेत की कारखान्याने स्वतःच्या वाघिणींवर लावलेले वेगळे आहेत, टॅगमध्ये क्रमांक कोणत्या रचनेत भरला आहे आणि किती वाघिणी बिनटॅगच्या येतात, हे कागदावर आले की निम्मा गोंधळ मिटतो.

तुटवडा नेमका कशाचा

रीडर ही एक पेटी दिसत असली तरी तिच्यात लहरींची देवघेव करणारी मुख्य चिप, शक्तिवर्धक, एक छोटा संगणक, त्याची स्मृती, नेटवर्कची चिप आणि वीजपुरवठा सांभाळणारे चार-सहा बारीक भाग असतात. यातला कोणताही एक अडला की पेटी अडते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानमधील नोबेओका येथे एकेएम कंपनीचा कारखाना जळाला, फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्सासमधल्या हिमवादळाने सॅमसंग, एनएक्सपी आणि इन्फिनियन यांची उत्पादने थांबवली आणि १९ मार्च २०२१ रोजी रेनेसासच्या नाका येथील कारखान्याला आग लागली. यातला एकही कारखाना वाघिणीचे रीडर बनवत नव्हता. तरीही मोटारगाड्यांपासून वजनकाट्यांपर्यंत सगळ्यांची रांग त्याच थोड्या चिपांसाठी लागली आणि लाखभर रुपयांचे यंत्र काही रुपयांच्या भागासाठी खोळंबून राहिले.

त्यातही मुख्य चिपचे प्रकरण जास्त नाजूक आहे, कारण जेन-टू रीडरची चिप बनवणारे जगात मोजकेच आहेत. इम्पिंज ही कंपनी टॅगच्या चिप बनवते, स्वतःचे तयार रीडर विकते आणि इतर रीडर उत्पादकांना चिपही पुरवते, आणि तिच्या जुन्या आर२००० चिपचे मूळ इंटेलच्या विभागात होते, जो तिने २००८ मध्ये विकत घेतला. दुसरी माहितीतली चिप म्हणजे एसटी (एसटीमायक्रोइलेक्ट्रॉनिक्स) कंपनीची एसटी२५आरयू३९९३, जी आधी एएमएस या कंपनीकडे एएस३९९३ नावाने होती आणि २०१६ मध्ये त्या व्यवसायासकट एसटीकडे आली. बाजारात वेगवेगळ्या नावांनी, वेगवेगळ्या रंगांच्या पेट्यांत येणारे कितीतरी रीडर आणि मॉड्यूल आतून याच थोड्या चिपांवर चालतात. बाहेरून पाच कंपन्या दिसतात, पण आतून त्या एकाच माळेचे मणी असतात आणि माळेचा दोरा तुटला तर पाचही एकदम ओघळतात.

त्यामुळे पर्यायी रीडरच्या पुरवठादाराला विचारायचा पहिला प्रश्न किमतीचा नाही, तर ‘आतली चिप आणि मॉड्यूल कोणते?’ हा आहे. उत्तर द्यायला तो टाळाटाळ करत असेल, तर तेही एक उत्तरच समजावे. चिप तीच निघाली, तर नाव बदलून आपण फक्त दुसऱ्या रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो आहोत, मात्र त्याच्याकडे तयार माल कपाटात असेल आणि तो त्याचा अनुक्रमांक सांगू शकत असेल, तर गोष्ट वेगळी.

नवा रीडर खरेच हवा आहे का

हा प्रश्न विचारायला कोणाला आवडत नाही, कारण खरेदीचा प्रस्ताव तोवर वरती गेलेला असतो. पण बंद पडलेल्या रीडरपैकी बऱ्याच रीडरांत रेडिओचा भाग शाबूत असतो आणि मेलेला असतो तो वीजपुरवठा, नेटवर्कचे पोर्ट किंवा केबल. एका साइडिंगवर, जिचे नाव सांगण्याचे कारण नाही, आम्ही ‘मेलेला’ म्हणून काढून ठेवलेला रीडर तीन महिन्यांनी सहज टेबलावर जोडून पाहिला तर तो उत्तम चालू होता. दोष अँटेनाच्या टोकाच्या जोडणीत होता, जिच्यावर जलरोधक पट्टी नीट गुंडाळलेली नव्हती आणि पहिल्याच पावसात केबलमध्ये पाणी शिरले होते. तीन महिने माणसे वही घेऊन फिरली, नवा रीडर मागवला गेला, आणि बिघाड शंभर रुपयांच्या पट्टीचा होता. कोकण किनाऱ्याच्या खाऱ्या, दमट हवेत जोडण्या आधी तपासाव्यात, हे तेव्हापासून माझ्या अंगवळणी पडले आहे.

दुरुस्ती होत नसेल तर पुनर्वाटपाचा विचार करावा. कारखान्याच्या गोदामाच्या दारावर किंवा ट्रकच्या फाटकावर त्याच जातीचा रीडर असेल आणि तिथले काम हातातल्या रीडरने भागत असेल, तर तो रुळाकडे हलवता येतो. वाघिणीच्या दोन्ही बाजूंना टॅग असल्यामुळे रुळाच्या दोन्ही अंगांना अँटेना लावण्याची पद्धत आहे, पण ही दुहेरी सोय आहे, गरज नव्हे, आणि अडचणीच्या काळात एका अंगावर काम चालवता येते. चार तोंडांच्या, म्हणजे चार अँटेना जोडता येणाऱ्या, रीडरला दोन रुळांच्या अँटेना जोडून एकाच पेटीवर दोन मार्ग सांभाळणेही शक्य आहे, फक्त दोन्ही मार्गांवर एकाच वेळी गाडी हलणार नाही याची व्यवस्था यार्डाने करायला हवी.

हातातला रीडर हा तात्पुरता पण प्रामाणिक पर्याय आहे. माणसाला चालावे लागतेच, पण अंक लिहावे लागत नाहीत आणि वाघीण डोळ्यांसमोर असल्याने बिनटॅगची वाघीण लगेच कळते. कॅमेऱ्याने रंगवलेला क्रमांक वाचण्याचा पर्यायही सुचवला जातो. गंज, कोळशाची भुकटी आणि अर्धवट पुसलेला रंग पाहता मी त्याच्यावर दुसरी साक्ष म्हणून विसंबेन, एकमेव साक्ष म्हणून नाही.

लहरींचा कायदा आणि बंदरावर अडकणारी पेटी

आता समजा रीडर खरेच घ्यायचा आहे. तेव्हा जी अट कोणत्याही परिस्थितीत वाकत नाही ती वारंवारतेची. भारतात २००५ साली ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हा पट्टा आरएफआयडीसाठी परवान्याविना खुला झाला आणि २०२१ मध्ये त्याची वरची कड ८६८ पर्यंत वाढली. प्रक्षेपकाची शक्ती १ वॅट आणि अँटेनासह परिणामी शक्ती ४ वॅट ही मर्यादा आहे. अमेरिकी रीडर ९०२ ते ९२८ मेगाहर्ट्झवर चालतात आणि आपल्याकडे त्याच परिसरात मोबाइल फोन आपल्या टॉवरशी बोलत असतात, त्यामुळे असा रीडर इथे चालवणे बेकायदा तर आहेच, शिवाय शेजाऱ्यांनाही त्रासदायक आहे. जुन्या बाजारात स्वस्तात मिळणारे बरेचसे परदेशी रीडर नेमके याच जातीचे असतात आणि त्यांचा प्रदेश, म्हणजे कोणत्या देशाच्या पट्ट्यावर चालायचे ती निवड, कारखान्यातच कुलूपबंद केलेला असतो. कोणी ‘सॉफ्टवेअर टाकून उघडून देतो’ म्हणाला, तर नमस्कार करून निघावे.

युरोपी रीडर मात्र आपल्या पट्ट्याच्या जवळचे असतात आणि पर्याय म्हणून तिकडे पाहणे योग्य ठरते. त्यातही प्रदेशाच्या यादीत भारत हा स्वतंत्र पर्याय आहे का ते पाहावे, कारण युरोपातल्या चार नेहमीच्या वाहिन्यांपैकी वरची, ८६७.५ मेगाहर्ट्झची, आपल्या जुन्या मर्यादेबाहेर पडत होती आणि जुन्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे रीडरमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरमध्ये, ती बाब निरनिराळ्या रीतीने हाताळलेली आढळते. अँटेनाही याच पट्ट्यासाठी घडवलेली असावी लागते. अमेरिकी पट्ट्याची अँटेना भारतीय रीडरला जोडली तर दिवा लागतो, वाचनही होते, पण पल्ला घटतो आणि दोष कुठे आहे ते कित्येक दिवस सापडत नाही.

प्रत्येक नमुन्याला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची उपकरण-प्रकार मान्यता लागते. ती मान्यता आहे की नाही आणि असल्यास नेमक्या त्याच नमुन्याला आहे का, हे पैसे देण्याआधी कागदावर पाहावे. नाहीतर खाडीपलीकडे साइडिंग रीडरसाठी खोळंबलेली आणि रीडर न्हावा शेव्याला किंवा सहारच्या मालवाहू टर्मिनलवर सीमाशुल्काच्या गोदामात पडलेला, असे दृश्य मुंबईकरांनाच पाहावे लागते.

लॅमिंग्टन रोड या मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजाराबद्दल एक शब्द इथेच सांगतो. तिथून वीजपुरवठ्याचे भाग, जोडण्या, केबल, पंखे जरूर घ्यावेत, त्या बाजाराने मुंबईतली किती यंत्रे जगवली आहेत याला हिशेब नाही. मुख्य रेडिओ चिप मात्र दलालाकडून घेऊ नये, कारण तुटवड्यात जुन्या बोर्डांवरून उपसलेल्या आणि वरचे नाव घासून नव्याने छापलेल्या चिप जगभरच फिरत असतात, आणि त्या टेबलावर चालतात पण उन्हात तापल्या की हात वर करतात.

टोलनाक्यावरचा चुलतभाऊ

आपल्या देशात जेन-टू रीडरची सर्वांत मोठी वस्ती रेल्वेत नाही, ती टोलनाक्यांवर आहे. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला आणि फास्टॅग हा त्याच पट्ट्यातला, त्याच बोलीतला निष्क्रिय टॅग आहे. म्हणजे खारघर किंवा वाशीच्या नाक्यासाठी रीडर पुरवणाऱ्या कंपन्या, त्यांचे दुरुस्तीवाले आणि त्यांचे भारतातले साठे ही आपल्याला हाताशी असलेली सोय आहे, आणि तिचा विचार फार थोडे लोक करतात. न्हावा शेवा बंदरात तर १ जुलै २०१६ पासून कंटेनरवर टॅग लावून त्यांचा माग ठेवण्याची लॉजिस्टिक्स डेटा बँकेची यंत्रणा चालू आहे, त्यामुळे खाऱ्या हवेत, क्रेनच्या लोखंडी जंगलात हे तंत्र कसे वागते याचा अनुभव असलेली माणसे जवळपासच सापडतात.

पण टोलचा रीडर वाघिणीला पुरेल का? याचे उत्तर वेगात आहे. साइडिंगमध्ये गाडी ताशी १५ किलोमीटरने सरकत असेल, तर ती सेकंदाला सव्वाचार मीटरच्या आत-बाहेर पुढे जाते. अँटेनाचा वाचनपट्टा तीन मीटर धरला, तर टॅग सुमारे ०.७ सेकंद समोर राहतो आणि तेवढ्यात कोणताही बरा रीडर त्याला डझनावारी वेळा वाचतो. मुख्य मार्गावर तीच गाडी ताशी १०० किलोमीटरने गेली, तर टॅगला जेमतेम ०.११ सेकंद मिळतो, तिथे काही मोजकीच वाचने होतात आणि रीडर निवडताना खरी काळजी घ्यावी लागते. खासगी साइडिंगवाल्याने मुख्य मार्गाच्या कसोटीचा रीडर मागत रांगेत उभे राहणे म्हणजे गल्लीत फिरायला शर्यतीची गाडी बुक करण्यासारखे आहे. निविदेत ‘उच्च वेग’ हा शब्द बहुधा जुन्या कागदावरून उतरवलेला असतो. तो काढला की पर्यायांची यादी एकदम लांबते.

तरी दोन गोष्टी तपासाव्यात. टोलचा रीडर बहुधा वरून, कमानीवरून खाली पाहण्यासाठी घडवलेला असतो आणि त्याची अँटेना पेटीतच बसवलेली असते, तर वाघिणीचा टॅग बाजूला असतो. म्हणून ती पेटी खांबावर आडवी लावल्यावर तिचा झोत शेजारच्या रुळावरील वाघिणींना गाठतो का ते पाहावे लागते. दुसरे, काही पेट्यांतले सॉफ्टवेअर टोलच्या व्यवहारापुरतेच बांधलेले असते. कच्चे वाचन, वेळेच्या नोंदीसह, बाहेर द्यायची सोय नसेल तर ती पेटी आपल्या कामाची नाही.

खरा घोळ सेटिंगमध्ये असतो

पर्यायी रीडर लावल्यावर ‘हा निकृष्ट आहे, अर्धे टॅग सोडतो’ अशी तक्रार येते, तेव्हा दहापैकी बहुतेक वेळा रीडर निर्दोष आणि त्याची मूळ मांडणी चुकीची असते. हा भाग थोडा सविस्तर पाहणे आवश्यक आहे.

जेन-टू बोलीत सत्र नावाची एक कल्पना आहे. रीडरने टॅग एकदा मोजला की टॅग स्वतःवर ‘माझी मोजणी झाली’ अशी खूण करतो आणि काही काळ गप्प बसतो. ही खूण किती काळ टिकावी ते सत्रावर अवलंबून असते. शून्य क्रमांकाच्या सत्रात वीज गेली की खूण पुसली जाते, पहिल्यात ती अर्धा ते पाच सेकंद टिकते, आणि दुसऱ्या व तिसऱ्यात लहरी मिळत असेपर्यंत आणि त्या थांबल्यावरही किमान दोन सेकंद टिकते. कपड्यांच्या दुकानात शेकडो टॅग एकदम मोजायचे असतात, तिथे मोजलेल्यांनी गप्प बसणे सोयीचे असते, म्हणून गोदामासाठी आलेल्या रीडरमध्ये बहुधा दुसरे सत्र निवडलेले असते.

आता तोच रीडर रुळाकाठी आणा. गाडीची दिशा कळावी म्हणून आपण तीन मीटरच्या अंतराने दोन अँटेना लावतो: आधी पहिली वाचते मग दुसरी, म्हणजे गाडी आत येते आहे, उलट झाले तर बाहेर जाते आहे. ताशी १५ किलोमीटरने सरकणारी वाघीण पहिल्या अँटेनापासून दुसऱ्या अँटेनापर्यंत पाऊण सेकंदाच्या आतच पोहोचते, पण दुसऱ्या सत्रात टॅगची खूण तेव्हा ताजीच असते आणि तो दुसऱ्या अँटेनासमोर मौन धरतो. दिशा कळत नाही, लोक अँटेना बदलतात, केबल बदलतात, शेवटी रीडर परत पाठवतात. सत्र शून्यावर आणले की प्रश्न सुटतो. तसेच समोर एकावेळी किती टॅग असतील याचा रीडरने धरलेला अंदाजही गोदामाच्या हिशेबाने मोठा असतो, तर वाघिणीच्या बाबतीत समोर एक किंवा फार तर दोन टॅग असतात. तो अंदाज कमी केला की रीडर रिकाम्या फेऱ्यांत वेळ घालवत नाही.

शून्य सत्राचे दुखणे असे, की गाडी थांबली आणि एखादी वाघीण तासभर अँटेनासमोर उभी राहिली, तर तोच क्रमांक हजारो वेळा नोंदला जातो. ती गर्दी गाळण्याचे काम रीडरवर न सोडता आपल्या संगणकावर करावे.

जुना रीडर चालू असतानाच त्याची सेटिंगची फाइल काढून छापून ठेवली असेल, तर हे सगळे एका दुपारचे काम आहे. ठेवली नसेल, तर आधीच्या माणसाने पाच वर्षांपूर्वी काय विचार करून काय निवडले होते याचा शोध पहिल्यापासून घ्यावा लागतो.

शक्तीचा हिशेबही इथेच बसवावा. १ वॅट म्हणजे डेसिबलच्या मापात ३० डीबीएम, त्यात झोत एकवटून ६ डीबीडीची, म्हणजे सुमारे ८ डीबीआयची, भर घालणारी अँटेना मिळाली की कायद्याने मान्य असलेले ४ वॅट पूर्ण होतात. पण जुना रीडर खांबावर होता आणि नवी पेटी पावसापासून वाचवण्यासाठी वीस मीटरवरच्या केबिनमध्ये ठेवली, तर चांगल्या प्रतीच्या जाड केबलमध्येही अडीच डेसिबलच्या वर शक्ती वाटेत जाते, म्हणजे अँटेनापर्यंत निम्म्याहून थोडी अधिकच पोहोचते. पातळ केबल वापरली तर बोलायलाच नको.

वजनकाट्याशी जोडणी

वाघिणीचे क्रमांक नुसते वाचून चालत नाही, ते चालत्या गाडीच्या वजनकाट्यावरील वजनांशी जुळावे लागतात. काटा चाकांच्या जोड्या मोजून वाघिणी वेगळ्या करतो, रीडर टॅग वेळेनुसार मांडतो आणि दोन्ही याद्या संगणक शेजारी-शेजारी लावतो. पर्यायी रीडरचे घड्याळ दोन सेकंदांनी मागे असेल, तर सगळी वजने एका वाघिणीने सरकू शकतात, आणि ही चूक सहसा लगेच दिसत नाही कारण यादी पूर्ण आणि नीटनेटकी दिसते. म्हणून रीडर आणि काटा एकाच घड्याळाला जुळवलेले असावेत, आणि बिनटॅगची वाघीण आली तर तिच्या जागी रिकामी ओळ राहायला हवी, पुढच्या वाघिणीने ती जागा पटकावता कामा नये.

जोडणीची भाषा खुली असेल तर बदल सोपा होतो. एलएलआरपी ही रीडरशी बोलण्याची सर्वमान्य पद्धत २००७ पासून उपलब्ध आहे आणि अनेक प्रमुख कंपन्यांचे रीडर ती समजतात. आपली प्रणाली त्याच पद्धतीवर लिहिलेली असेल तर पेटी बदलली तरी सॉफ्टवेअर फारसे हलत नाही. एखाद्या कंपनीच्या खासगी पद्धतीवर लिहिलेली असेल, तर रीडरपेक्षा प्रोग्रॅमर शोधण्यात जास्त दिवस जातात. चाकाच्या संवेदकाकडून येणारा इशारा किती व्होल्टचा आहे आणि नव्या पेटीचे तोंड तेवढा झेलते का, तिला नेटवर्कच्या तारेतून मिळणारी वीज पुरते का, अँटेनाची जोडणी त्याच घाटाची आहे का, या बाबी किरकोळ आहेत, पण बहुतेक वेळा काम याच किरकोळ बाबींवर शनिवारी संध्याकाळी अडते.

चाचणी, आकडे पाहून

पुरवठादार ‘९९ टक्के अचूकता’ असे सांगतो आणि ते ऐकायला छान वाटते. ५८ वाघिणींच्या रेकला हा आकडा लावून पाहिला तर चित्र वेगळे दिसते. प्रत्येक वाघीण ९९ टक्के वेळा वाचली जात असेल, तर शंभर रेकपैकी सुमारे ४४ रेकमध्ये किमान एक वाघीण सुटते. ९९.९ टक्के म्हटले तर शंभरातील सुमारे सहा रेकमध्ये सुटते. निविदेत टक्केवारी लिहिताना ती वाघिणीची आहे की पूर्ण रेकची, हे स्पष्ट करावे, कारण साइडिंगवरचे भांडण नेहमी रेकचे असते.

चाचणी पुरवठादाराच्या कार्यालयात नव्हे, तर आपल्याच रुळावर घ्यावी. दोन्ही दिशांनी गाडी चालवावी, मध्येच थांबवून मागे घ्यावी, शेजारच्या रुळावर दुसरी रेक उभी करून तिचे टॅग चुकून वाचले जातात का ते पाहावे आणि एक-दोन टॅग मुद्दाम कोळशाने माखावेत. भारित आणि रिकाम्या वाघिणींची उंची स्प्रिंगमुळे थोडी वेगळी असते, तेही ध्यानात ठेवावे. जमल्यास एक फेरी मुसळधार पावसात घ्यावी, मुंबईत त्यासाठी वाट पाहावी लागत नाही. ओव्हरहेड विजेच्या तारांखाली बसवलेल्या पेटीचे भूमीकरण आणि विजेच्या लोंढ्यापासून संरक्षण याकडे रेल्वेच्या विद्युत विभागाच्या सूचनांनुसारच पाहावे, तिथे पर्याय नसतो.

बरेच महिने गेल्यावर कधीतरी मूळ कंपनीचा, मूळ नावाचा रीडर खोक्यात बंद होऊन येतो, आणि तो डोळे मिटून जुन्या जागी लावावा असे सगळ्यांना वाटते. पण तुटवड्याच्या काळात अनेक उत्पादकांनी नाव आणि नमुना क्रमांक तोच ठेवून आतले बोर्ड दुसऱ्या चिपांवर नव्याने बांधले आहेत. पेटीवरचा आवृत्ती क्रमांक जुन्या पेटीशी ताडून पाहावा आणि तो वेगळा असेल तर तिचीही त्याच रुळावर, त्याच ५८ वाघिणींसमोर, तीच चाचणी घ्यावी.